फळ्यापाशी कोण जाणार?

(मंडळाच्या पालक मेळाव्यात एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांनी केलेले भाषण. शब्दांकन करताना बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मंडळाच्या चिटणीसांनी मला बोलायला विषय दिला तो असा: ‘आधुनिक तंत्रज्ञान, परस्पर सहकार्य आणि विद्यार्थिकेंद्रित शिक्षण’. विषय भारदस्त आहे. निमंत्रणपत्रिका वाचून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, ‘एवढं सगळं तुम्ही बोलणार, मग लोक जेवणार कधी?’ तेव्हा मी विषय जरा सोपा करून घेतो. शाळेत यंत्र आले तर ते कोणाच्या हातात असते? मूल एकट्याने शिकते की कोणाबरोबर? आणि वर्गात बोलण्याची पाळी कोणाची असते? या तीन प्रश्नांच्या आसपासच मी फिरणार आहे.

बाबासाहेबांच्या शालेय जीवनातले दोन प्रसंग आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. साताऱ्याच्या शाळेत बसण्यासाठी त्यांना घरून तरटाचा तुकडा न्यावा लागे आणि संध्याकाळी तो परत आणावा लागे, कारण शाळा झाडणारा गडीसुद्धा त्या तरटाला हात लावीत नसे. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. दुसरा प्रसंग मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधला, त्यांच्या चरित्रात येतो. शिक्षकांनी त्यांना गणित सोडवायला फळ्यापाशी बोलावले. फळ्याच्या मागे इतर मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते. हा मुलगा फळ्याला हात लावणार म्हणताच वर्गात गलका झाला, मुले धावली आणि त्यांनी आपापले डबे उचलून बाजूला केले. मग गणित सुटले.

हा प्रसंग सांगताना आपण नेहमी डब्यांवर थांबतो, आणि ते योग्यच आहे. पण मी छत्तीस वर्षे खडू हातात धरलेला माणूस. मला त्यात फळाही दिसतो. त्या शाळेत फळा होता, खडू होता, गणित येणारा विद्यार्थी होता, शिक्षकांनी त्याला नावाने बोलावलेही होते. साधनांची कसलीच उणीव नव्हती. तेव्हा अमक्या शाळेत संगणक आले, तमक्या शाळेत भिंतीएवढा पडदा बसवला असे कोणी कौतुकाने सांगितले की मी त्याची किंमत विचारीत नाही. त्याच्यापाशी कोण जाते, एवढे विचारतो.

आता दुसऱ्यांना बोल लावण्यापूर्वी माझी स्वतःची गोष्ट सांगतो. मी १९८४ साली जिल्हा परिषदेच्या नोकरीत लागलो. पाथर्डीच्या बाजूला एका वाडीवरची शाळा. दोन शिक्षक, चार वर्ग, खोली दीड म्हणावी अशी. १९८७ साली केंद्र सरकारची खडूफळा योजना आली. किमान दोन खोल्या, किमान दोन शिक्षक आणि शिकवण्यासाठी आवश्यक साहित्य, असा तिचा हेतू. काही वर्षांनी आमच्याही शाळेत साहित्याची पेटी आली. भिंग, लोहचुंबक, नकाशे, पृथ्वीचा गोल, मोजमापाची साधने. आम्ही दोघा गुरुजींनी काय केले असेल? जडसंग्रह नोंदवहीत एकेक वस्तू चढवली, सही केली आणि पेटीला कुलूप लावले. कारण सरळ होते. वस्तू फुटली तर भरून कोण देणार?

तिसरीतली एक मुलगी माझ्या मागे लागली होती. मुंगीला डोळे असतात का, ते तिला बघायचे होते. पेटीत भिंग आहे हे तिला माहीत होते, कारण पेटी आणताना तिनेच एका बाजूने हात लावला होता. मी म्हणालो, ‘तपासणीला साहेब येतील तेव्हा काढू.’ साहेब दीड वर्षाने आले. पेटी उघडली तर नकाशांना वाळवी लागलेली, चुंबकाची ओढ गेलेली. भिंग तेवढे शाबूत. पण ती मुलगी तोवर आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली होती, ती परत शाळेत आली नाही. साहेबांनी नोंदवही तपासली. वस्तू नोंदीप्रमाणे भरल्या. शेरा चांगला मिळाला.

त्या दिवसानंतर मी भिंगाला सुतळी बांधून ते खिडकीच्या गजाला टांगले. फुटले नाही. चरे मात्र खूप पडले. त्याच्याभोवती मुले जमत आणि मी दुसऱ्या वर्गाला पाढे सांगत असे तेव्हा इकडे आपोआप एक वर्ग चाले. कोणी मुंगी आणली, कोणी बाभळीचा काटा, कोणी स्वतःच्याच बोटाचा ठसा. चौथीतला पहिलीतल्याला सांगे, ‘लांब धर, आता जवळ आण, आता बघ.’ मी हे त्यांना शिकवलेले नव्हते. चार वर्गांना दोन शिक्षक असले म्हणजे दर वेळी निम्मी मुले गुरुजींविना असतात. त्या निम्म्या वेळाचे काय करायचे, यावर आमच्या खात्याने बहुवर्ग अध्यापनाची प्रशिक्षणे पुष्कळ घेतली. मला त्याचे उत्तर खिडकीच्या गजाला टांगलेले सापडले.

मुलाने मुलाला शिकवणे ही काही नवी गोष्ट नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल नावाचा एक पाद्री मद्रासला होता. तिथल्या देशी शाळांत मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवतात हे त्याने पाहिले. ही पद्धत त्याने उचलली, पुढे गेलेल्या मुलांकडून मागच्यांना शिकवून घ्यायला सुरुवात केली आणि ती विलायतेला नेली. तिथे लँकेस्टर नावाच्या दुसऱ्या शिक्षकाच्या पद्धतीशी तिचे नाव जोडले गेले आणि मग विलायतेचा शिक्का घेऊन तीच पद्धत मुंबई इलाख्यातल्या शाळांत परत आली. आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळेतही धूळपाटीवर असेच चाले. पण त्या धूळपाटीभोवतीच्या गोलात आपले पूर्वज नव्हते. धूळ काही कमी पडत नव्हती.

हा गोल मोठा करण्यात आपल्या नगर शहराचा वाटा आहे आणि तो आपण अभिमानाने सांगितला पाहिजे. अमेरिकन मराठी मिशनच्या मिस सिंथिया फरार यांनी इथे मुलींच्या शाळा चालवल्या. जोतिराव फुले आपले मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्याकडे नगरला आले असताना त्यांनी त्या शाळा पाहिल्या आणि पुण्याला परतल्यावर १८४८ साली मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण घेतले त्यातही फरारबाईंच्या संस्थेचे नाव येते. पुढे सावित्रीबाई आजारपणामुळे नायगावला माहेरी गेल्या, तेव्हा शाळेचा भार एकट्या फातिमावर पडला असेल, ही काळजी त्यांच्या १८५६ च्या पत्रात दिसते. दोन शिक्षिकांनी एकमेकींचा भार वाटून घेणे याला आज आपण सहकार्य हा शब्द वापरतो. शब्द गुळगुळीत झाला आहे, पण त्या काळी अंगावर शेणाचे गोळे झेलून ते चालले होते.

आणखी एक उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले. ते शाळेचे नाही, तरी मी शिक्षणाचे मानतो. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने जामखेडला ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. त्यांनी गावोगावच्या बायकांना आरोग्य सेविका म्हणून तयार केले. त्यातल्या कित्येकजणी आपल्या समाजातल्या होत्या, कित्येकींनी शाळेची पायरी पाहिलेली नव्हती. या बाया ठरल्या दिवशी जामखेडला येत, मुक्काम करीत, गोलात बसत. गावात या आठवड्यात काय झाले, कोणाचे मूल जुलाबाने सुकले, कोणती बाळंतीण अडली, हे आधी त्या सांगत. मग डॉक्टर बोलत. शिकलेले लक्षात राहावे म्हणून चित्रांचे तक्ते होते, गाणी होती. परत गेल्यावर त्याच तक्त्यांवरून त्या गावाला शिकवीत. तक्ता हे त्यांचे तंत्रज्ञान. तो डॉक्टरांच्या कपाटात राहिला असता तर जामखेडचे नाव जगभर झाले नसते. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मी त्या गोलात एकदा बसलो आहे. एका अक्षरशत्रू बाईने मला क्षारसंजीवनीचे प्रमाण समजावून सांगितले आणि मग विचारले, ‘गुरुजी, आता तुम्ही मला परत सांगा.’ माझी एक चूक निघाली.

परत सांगायला लावणे! आम्ही बी. एड., डी. एड. झालेले लोक वर्गाला विचारतो, ‘समजले का?’ आणि वर्ग ओरडतो, ‘हो.’ तिथेच आमचे शिकवणे संपते.

आता मोबाइलकडे येतो, कारण आपण सगळे त्याच्याचसाठी आला आहात हे मला माहीत आहे. पालकांची तक्रार अशी की पोरे फोन सोडत नाहीत. पोरांची तक्रार अशी की बाप फोन सोडत नाही. दोन्ही खरे आहे.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. मी त्याच वर्षी मे महिन्यात निवृत्त झालो. निरोप समारंभ झाला नाही, शाळेच्या दाराला कुलूप होते. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ अशी घोषणा निघाली. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका लागली. ती मला आवडली, कारण तिच्यात घरातल्या वस्तू घेऊन काहीतरी करून बघायला सांगत. पण मुख्य भिस्त फोनवर होती. ‘असर’ नावाची एक देशव्यापी पाहणी आहे, ती २००५ सालापासून खेड्यापाड्यांत चालते. तिच्या आकड्यांप्रमाणे २०१८ साली ग्रामीण भारतातल्या शाळकरी मुलांपैकी ३६.५ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, २०२० साली तो ६१.८ टक्के मुलांच्या घरी झाला. लोकांनी शेरडे-करडे विकून फोन घेतले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण त्याच पाहणीतला २०२१ सालचा आकडा अधिक बोलका आहे. ज्यांच्या घरी फोन होता त्या मुलांपैकीही सुमारे २६ टक्के मुलांना तो अभ्यासासाठी मिळतच नव्हता. घरात आहे आणि हातात नाही. माझी पेटी आणि माझे कुलूप पुन्हा तेच, फक्त आता ते वडिलांच्या खिशात होते. शाळा उघडल्यावर काय दिसले? पाचवीतली दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुले देशभरात २०१८ साली ५०.५ टक्के होती, ती २०२२ साली ४२.८ टक्क्यांवर आली.

त्या दिवसांत मी रिकामाच होतो, म्हणून जुन्या शाळेच्या वस्तीवर अधूनमधून जात असे. एकदा लिंबाखाली सात मुले एका फोनभोवती बसलेली दिसली. फोन फुटक्या काचेचा. सहावीतल्या एका मुलीच्या हातात होता. ती धडा थोडा चालवी, थांबवी आणि धाकट्यांना म्हणे, ‘आता सांगा, काय म्हणाले?’ एकाला सांगता आले नाही तर पुन्हा मागे नेई. अपूर्णांक समजावण्यासाठी तिने भाकरीचे तुकडे केले होते. धडा बारा मिनिटांचा. त्यांना तो पाऊण तास पुरला. दुसऱ्या एका घरी एका मुलाला स्वतंत्र फोन होता, स्वतंत्र खोलीही होती. तो धडा चालू ठेवून दुसरीकडे गेम खेळत होता. मला त्या मुलाचा राग आला नाही. त्याला ‘आता सांग’ म्हणणारे कोणी नव्हते.

ती सहावीतली मुलगी जे करीत होती त्याला काही शाळांनी रीतसर व्यवस्थेचे रूप दिले आहे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत ‘विषयमित्र’ ही पद्धत रुजली. ज्याला जे येते त्याने ते दुसऱ्याला शिकवायचे, आणि स्वतःला जे येत नाही ते दुसऱ्याकडून घ्यायचे. गावाने शाळेसाठी जमीन दिली, पैसा उभा केला. पुढे खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या छोट्या शाळेतही हीच पद्धत आली आणि २०२५ साली त्या शाळेला ‘वर्ल्ड्स बेस्ट स्कूल’ पारितोषिकांमध्ये लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. शिरूरहून घोड नदी ओलांडली की आपला जिल्हा लागतो. तेव्हा हे सातासमुद्रापलीकडचे उदाहरण नाही.

इथे मला एक सावधगिरीचा शब्द बोलायचा आहे. डॉ. सुगाता मित्रा यांनी १९९९ साली दिल्लीत कालकाजी भागातल्या एका भिंतीत संगणक बसवला आणि झोपडपट्टीतली मुले कोणी न शिकवता तो एकमेकांच्या मदतीने चालवायला शिकली. हा प्रयोग फार गाजला. पुढे त्यांच्या प्रयोगाचे एक केंद्र आपल्या फलटणलाही झाले. प्रयोग मोलाचा आहे. पण त्यावरून ‘यंत्र ठेवा, मुले शिकतील, शिक्षक कशाला’ असा जो अर्थ काहींनी काढला, तो मला मान्य नाही. गर्दीत पुढे कोण असतो? दांडगा मुलगा. धाकटा मागे राहतो, मुलगी त्याच्याही मागे, आणि जिला घरी जाऊन पाणी भरायचे आहे ती तर गर्दीत नसतेच. शिक्षक लागतो तो यासाठी. मागचीला पुढे आणायला. बाबासाहेबांना फळ्यापाशी बोलावणारा शिक्षक होता, हे विसरू नका. त्याने फक्त डबे आधी हलवायला हवे होते.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी आपणा सर्वांना ठाऊक आहेत. माढा तालुक्यातली ही जिल्हा परिषदेची शाळा. त्यांनी पुस्तकातल्या धड्याशेजारी क्यूआर कोडची चौकट छापून घेतली, फोन धरला की कविता ऐकू यावी, चित्रफीत दिसावी. पुढे बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवरही या चौकटी आल्या. २०२० च्या डिसेंबरमध्ये त्यांना दहा लाख डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले. त्यांनी त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. वर्तमानपत्रांनी डॉलरचे रुपये करून मथळे दिले. मला ते वाटून देणे जास्त शैक्षणिक वाटले. आपल्या घरातल्या मुलाच्या पुस्तकावर ती काळी-पांढरी चौकट आहे. किती जणांनी ती मुलाबरोबर एकदा तरी उघडून पाहिली? हात वर करा. (थोडे हात वर झाले.) बरे, जेवढे आहेत तेवढे आहेत.

आता तर फोन आपल्याशी बोलतो. प्रश्न विचारला की मराठीत उत्तर देतो, निबंध लिहून देतो, गणित पायऱ्यांसह सोडवून देतो. माझ्या नातवाने पावसाळ्यावर निबंध आणून दाखवला. त्यात धो धो पाऊस, हिरवेगार डोंगर, दुथडी भरून वाहणारी नदी. मी म्हटले, ‘बाळा, आपल्या पाथर्डीत दुथडी भरून वाहणारी नदी तू कधी पाहिलीस?’ तो हसला. मग दोघांनी बसून टँकरवर निबंध लिहिला. तो छान झाला. तथागतांनी केसपुत्त गावच्या कालामांना सांगितले होते की एखादी गोष्ट परंपरेने आली, ग्रंथात आहे किंवा बोलणारा श्रमण आपला गुरू आहे एवढ्यावरून ती स्वीकारू नका. स्वतः तपासा, हितकारक आहे का ते पाहा. मुलांना आज हे शिकवायचे तर फोनवर आलेल्या उत्तरापासून सुरुवात करता येईल. चार मुलांनी एकच प्रश्न विचारावा, उत्तरे जुळवून पाहावीत, मग गावातल्या जाणत्या माणसाला विचारावे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या २९ व्या कलमात कृतीतून, शोधातून, बालस्नेही आणि बालकेंद्री रीतीने शिकण्याची भाषा आहे. कायद्याने दिलेले आहे, मागून घेण्याचा आपल्याला हक्क आहे.

शेवटचा मुद्दा. तो माझ्या मनाला सर्वांत जास्त लागलेला आहे.

आपला जिल्हा सहकाराचा. १९५०-५१ च्या हंगामात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि त्यामागून किती कारखाने उभे राहिले. छोट्या शेतकऱ्याचा थोडा थोडा ऊस एकत्र आला तर मोठे यंत्र त्याच्या मालकीचे होते, ही ती कल्पना. सुंदर कल्पना आहे. पण त्यात उसाच्या धन्याला शेअर मिळाला आणि ऊस तोडणाऱ्याला कोयता. नवरा-बायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’, अशीच टोळीत मोजदाद होते. मुकादमाकडून उचल घेतली की दिवाळीच्या सुमारास पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून ट्रक निघतात. त्या ट्रकवर भांडी असतात, सरपण असते आणि मुले असतात. पहिले सत्र संपते तिथे त्यांची शाळा संपते. साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहे निघाली, काही मुलांना त्यांचा खरोखर आधार झाला. स्थलांतर करणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड द्यावे, म्हणजे तो जाईल त्या गावच्या शाळेने त्याला दाखल करून घ्यावे, अशीही व्यवस्था झाली. चांगली आहे.

पण कार्डावर मुलाचे नाव असते, इयत्ता असते. ते मूल काय वाचू शकते, कशात अडते, कोणाजवळ बसले की बोलते, हे नसते. नव्या शाळेतले गुरुजी वाईट नसतात. त्यांच्यापुढे नोव्हेंबरात अचानक अकरा मुले येऊन बसतात आणि मार्चअखेर निघून जातात. ती मागच्या बाकावर बसतात. त्यांना कोणी फळ्यापाशी बोलावीत नाही. माझी भिंगवाली मुलगी अशाच कुठल्या तरी बाकावर बसली असेल, किंवा बसलीही नसेल, कोपीवर धाकट्या भावाला सांभाळत राहिली असेल.

आता दोन्ही गावच्या गुरुजींच्या खिशात फोन आहे. मूल निघण्यापूर्वी त्याने वाचलेल्या चार ओळी त्याच्याच आवाजात नोंदवून, त्याच्या वहीच्या एका पानाचा फोटो काढून, पुढच्या गुरुजींना पाठवायला किती वेळ लागतो? पाच मिनिटे. आणि परतताना तिकडून इकडे तसेच. मागे राहिलेल्या वर्गमित्रांनी आठवड्यातून एकदा मुकादमाच्या किंवा बापाच्या फोनवर बोलून या आठवड्यात काय शिकलो ते सांगावे, आणि त्या मुलाने तिकडच्या कारखान्याची, नदीची, बैलांची गोष्ट सांगावी. तोही वर्गाला काहीतरी शिकवील. मी निवृत्त झाल्यावर ओळखीच्या दोन शिक्षकांना पटवून एका हंगामात हे चार मुलांपुरते करून पाहिले. दोघांचे फोन लागत राहिले. एकाच्या वडिलांनी मधेच नंबर बदलला, चौथीचा पत्ताच लागला नाही. जे दोघे बोलत राहिले ते परत आल्यावर सरळ आपल्या जागेवर जाऊन बसले. मी यावरून मोठा सिद्धांत मांडीत नाही. चारातले दोन, एवढेच.

मंडळाकडे माझी मागणी छोटी आहे. आपल्या विहाराला लागून असलेली खोली संध्याकाळी सहा ते आठ रिकामी असते, तिथे वीज आहे. जुने पण चालू स्थितीतले फोन आपल्यातल्या बऱ्याच घरांत पडून असतील. पाच-सहा मिळाले तरी पुरे, मोठा पडदा नको. प्रत्येक फोनभोवती चार-पाच मुले, वेगवेगळ्या इयत्तांची, त्यात मुली निम्म्या तरी हव्यातच. फोन गटातल्या सर्वांत धाकट्याच्या हातात राहील, मोठ्याने तोंडाने सांगायचे, बोट लावायचे नाही. मी संध्याकाळी येऊन बसेन, आणखी दोन निवृत्त शिक्षक यायला तयार आहेत. एक कॉलेजची मुलगी मघाशी मला भेटून गेली, तीही येते म्हणाली. फोन फुटले तर फुटतील. चिटणीससाहेब, कृपा करून त्यांची जडसंग्रह नोंदवही ठेवू नका.

आणि ज्यांच्या नात्यागोत्यातली कुटुंबे या दिवाळीनंतर तोडीला जाणार आहेत त्यांनी जेवण झाल्यावर मला भेटावे. मुलाचे नाव, शाळा, कोणत्या कारखान्याच्या टोळीत जाणार आणि कोणाचा नंबर लागेल, एवढे लिहून घेतो. वही बरोबर आणली आहे, दाराजवळच्या टेबलावर बसतो.